नांदेडची पंगत आणि परसदारचा खिळा

सोलापूरहून नांदेडला जायचा शहाण्या माणसाचा रस्ता तुळजापूर, लातूर असा आहे. आम्ही वाकडा धरला. आईला एस.टी. लागते, म्हणून मी आधी वैरागला जाऊन तिला घेतलं, तिथून जेमतेम बार्शीपर्यंत तिला एस.टी.त लिंबू हुंगवत नेलं, आणि पुढे लातूरपर्यंत त्या छोट्या रेल्वेत बसलो, जिच्यातून उतरून हरभऱ्याचा डहाळा उपटावा आणि पळत पुन्हा डबा गाठावा. नाताळची सुट्टी होती. शाळेतल्या बाकीच्या बाया महाबळेश्वरला निघाल्या होत्या. मी आईला घेऊन शिखांच्या देवाला निघाले होते.

देवाचं निमित्तच म्हणा. वैरागच्या बाजारात माल घेऊन येणाऱ्या एका ट्रकवाल्याने आईला सांगितलं होतं की तुमचा दत्तू नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात असतो, तिथल्या मुदपाकखान्यात काम करतो, चांगला धडधाकट आहे. दत्तू माझा धाकटा भाऊ. बायको गेल्यावर तेराव्याचं जेवण उरकलं आणि हा जो घरातून निघाला तो निघालाच. कित्येक वर्षं त्याचा पत्ता नव्हता. बातमी कळल्यावर आईने रडणं-बिडणं काही केलं नाही. सोलापूरला निरोप धाडला, सुमनला म्हणावं रजा काढ, माझे डोळे मिटायच्या आत त्याला घरी आणायचा. मी हो म्हटलं. आईला नाही म्हणणारं माणूस आमच्या घराण्यात अजून जन्माला यायचं आहे.

आईचं सामान म्हणजे एक वळकटी, फिरकीचा तांब्या आणि एक भलीमोठी पिशवी. पिशवीत कडक भाकरी, शेंगांची चटणी, धपाटी, आणि तळाशी फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी गोल. मी विचारलं नाही. बाहेरचं पाणी पिणार नाही, बाहेरचं खाणार नाही, हे तिने मला निघतानाच ऐकवलं होतं. मी म्हटलं, बाई गं, तू देवळात चालली आहेस की दुष्काळी कामावर? यावर तिने तोंड खिडकीकडे केलं.

खिडकीबाहेर बघण्यासारखं होतं, नाही असं नाही. दोन्ही अंगाला जोंधळा कमरेएवढा वाढला होता, मधेच करडईचे पट्टे, आणि दुष्काळात फोडलेल्या खडीचे ढीग अजून रस्त्याच्या कडेला तसेच पडलेले. येडशीच्या चढावर गाडी धापा टाकू लागली. समोर एक शेतकरीण बसली होती. कुठल्या देवाला चाललात म्हणून तिने चौकशी केली. नांदेडला, शिखांच्या, असं आईने सांगितल्यावर ती जरा विचारात पडली आणि म्हणाली, तिथं म्हणे समद्यांना एका पंगतीत बसवत्यात. आई म्हणाली, बसवू देत की, आपण आपलं घेऊन चाललोय. आणि पिशवी जवळ ओढली.

आता त्या पंगतीचं आमच्या घराशी काय नातं आहे ते सांगायला हवं. नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

दत्तूची बायको शकुंतला. आमच्या जातीची नव्हती. एवढं सांगितलं की आमच्याकडे बाकीचं सगळं सांगून होतं. दत्तू तेव्हा ट्रक चालवायचा, बार्शीला तेलाच्या गिरणीवर ती कामाला होती, तिथे दोघांचं जमलं. तिला घेऊन तो थेट घरी आला. आईने त्यांना बाहेर काढलं नाही, याचा तिला केवढा अभिमान. अजूनही सांगते, मी तिला काई कमी केलं न्हाय. खरंच नाही केलं. लुगडी दिली, दिवाळीला बांगड्या भरल्या, बोट लावलं नाही. बोटच लावलं नाही. शकूचं जेवण परसदारच्या पायरीवर. तिची एक जर्मनची थाळी होती, काठाला पोचा आलेली. आई उंबऱ्याच्या आत उभी राहून वरून भाकरी सोडायची. जेवण झालं की शकूने थाळी घासायची आणि परसदाराच्या बाहेरच्या बाजूला भिंतीत मोठा खिळा होता, त्याला अडकवायची. आमच्या घरातल्या एकूण एक भांड्यावर वडिलांचं नाव कोरलेलं आहे, अगदी मिसळणाच्या वाट्यांवरसुद्धा. त्या एका थाळीवर नव्हतं.

दत्तू काही फार थोर होता असं समजू नका. तो महिन्यातले निम्मे दिवस रस्त्यावर असायचा. घरी आला की शकूजवळ पायरीवर बसून जेवायचा आणि यालाच आपण मोठं बंड केलं असं समजायचा. पुढे शकूला कावीळ झाली. बार्शीला दवाखान्यात नेली तोवर डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. ती गेली. थाळी खिळ्यालाच राहिली.

लातूरला उतरून नांदेडची एस.टी. धरली आणि तिथे आमच्या नशिबाने घात केला. तांब्या आत घालून पिशवी वरच्या फळीवर ठेवली होती. अहमदपूरला एका मोंढ्यातल्या इसमाने आपलं ज्वारीचं पोतं बरोबर तिच्यावर आदळलं. फिरकीच्या तांब्याची फिरकी निघाली. नांदेड येईतो भाकरी, चटणी, धपाटी आणि वैरागच्या आडाचं पाणी यांचा एकजीव काला झाला होता आणि पोत्याच्या मालकाच्या टोपीवर थेंबथेंब गळत होता. तो माझ्यावरच ओरडला. मी त्याला बार्शीपासून लातूरपर्यंतचा सगळा राग एकदम ऐकवला. नांदेडच्या स्टँडवर आईने तो काला एका कुत्र्यापुढे ठेवला आणि फडक्यातलं ते गोल काय ते तेवढं पुसून परत पिशवीत घातलं. रात्री धर्मशाळेत ती उपाशी झोपली.

सकाळी गुरुद्वारा पाहिला. खरं सांगते, गल्लीतून वळून त्याचं पहिलं दर्शन झालं आणि माझी बडबड थांबली. पांढराशुभ्र संगमरवर, वर सोन्याचे घुमट, आणि पहाटेच्या धुक्यातून त्यांच्यावर नुकतं ऊन येत होतं. शिखांच्या दहाव्या गुरूंनी इथेच देह ठेवला, आणि यापुढे माणूस गुरू नाही, ग्रंथच गुरू, असं सांगितलं. आतल्या बाजूला त्यांची शस्त्रं आहेत. रोज पहाटे एक सेवादार (स्वखुशीने देवाचं काम करणारा) गोदावरीचं पाणी घागरीत भरून आणतो आणि त्याने गाभारा धुतात. आईला हे फार आवडलं. नदीच्या पाण्याने धुतात म्हणजे सोवळं पाळत असतील, असं तिने मनाशी ठरवूनही टाकलं.

पण दारातच पहिला धक्का बसला. चपला ठेवायच्या जागेला तिथे जोडाघर म्हणतात. एक पांढऱ्या दाढीचे, शेलाट्या बांध्याचे सरदारजी लोकांच्या चपला हातात घेऊन फडक्याने पुसत होते. आईची चप्पल घ्यायला त्यांनी हात पुढे केला तशी ती मागे सरली. मला म्हणाली, एवढा देवमाणसासारखा दिसतो आणि चपला पुसतो, कोन जातीचा असंल? मी म्हटलं, तूच विचार. तिने विचारलं नाही हे माझं भाग्य. सरदारजी हसून म्हणाले, "माताजी, ये तो सेवा है, इधर दो." तिने चप्पल जमिनीवर ठेवून बोटाने त्यांच्याकडे सरकवली.

आत मात्र ती गुंगली. डोक्यावर पदर घेऊन बराच वेळ बसली. गाणारे तिघे होते. भाषा कळत नव्हती तरी ताल धरता येत होता. कडाह प्रसाद (तुपात थबथबलेला गव्हाच्या पिठाचा शिरा) वाटत आले तेव्हा तिने हात पुढे केला, कारण देवाच्या प्रसादाला विटाळ नसतो. हे नियम तिचे तिने केलेले आहेत, मी फक्त सांगते आहे.

दत्तूला शोधायला मी एकटीच मागे गेले. लंगर (सगळ्यांसाठी चालणारं जेवण) म्हणजे काय प्रकरण आहे ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कळणार नाही. माणूस बसेल एवढाल्या कढया, डाळीचा वास, चुलाणांची धग, पोळ्या लाटणाऱ्या बायांची लांबच लांब ओळ आणि मागे हौदाशी भांड्यांचा डोंगर. थाळ्या कुणी कुणी दिलेल्या, पितळी, जर्मनच्या, स्टीलच्या, सगळी सरमिसळ. त्या डोंगराशी बसून एक निळा साफा घातलेला माणूस राखेने थाळ्या घासत होता. छातीपर्यंत दाढी. मी ओळखलं ते त्याच्या गुणगुणण्यावरून. लहानपणी गृहपाठ करतानाही हा असाच नाकात गुणगुणायचा आणि मार खायचा.

"अक्का," तो म्हणाला. हात राखेने भरलेले, म्हणून नुसता उभा राहिला.

मी आधी त्याला झाडला. आई म्हातारी झाली, मेलास की जगलास कळवायचं नाही, आणि हे काय सोंग घेऊन बसला आहेस. तो ऐकत राहिला. मग मी म्हणाले, एवढं वाईट वाटत होतं तर शकू जिवंत असताना तो खिळा का नाही उपटलास?

"म्हणून तर हितं भांडी घासतोय, अक्का," तो म्हणाला.

आई आली आहे, बाहेर बसली आहे, कालपासून उपाशी आहे, एवढं सांगितलं. त्याने हात धुतले. आता माझी वाढायची पाळी आहे, म्हणाला. तिला घेऊन पंगतीत बस, तिथंच भेटू, जेवण झालं की बोलू.

आईला पंगतीत बसवायला मला घाम फुटला. भूक तर तिच्या तोंडावर दिसत होती. पण एका बाजूला कोण, दुसऱ्या बाजूला कोण, वाढणारे कोण, या तिच्या हिशेबाला अंत नव्हता. शेवटी मी म्हटलं, तुझा मुलगा वाढणार आहे, त्याला बघायचं असलं तर बस, नाहीतर चार वाजता गाडी आहे. तेव्हा ती लांबलचक सतरंजीच्या पट्टीवर बसली, माझ्या आणि भिंतीच्या मधे, म्हणजे एका बाजूला तरी माणूस नको. एक मुलगी थाळ्या मांडत आली. आईने हाताने नको म्हटलं. पिशवीत हात घालून फडक्यातलं ते गोल बाहेर काढलं, सोडलं आणि पुढ्यात ठेवलं.

जर्मनची थाळी. काठाला पोचा.

आई, ही कशाला आणलीस, असं मी कसंबसं विचारलं. मनात एकच वेडी आशा होती, की हिला काही कळलं असेल, काही मागायचं असेल, सांगायचं असेल.

"मग काय आपली चांगली पितळी आनायची?" आई म्हणाली. "ही हितं बाटली तरी चालंल."

तोवर दत्तू ओळीच्या टोकाला आला होता. पोळीला तिथे परशादा म्हणतात. ती ताटात वाढत नाहीत. जेवणाऱ्याने दोन्ही हात ओंजळीसारखे पुढे करायचे आणि वाढणाऱ्याने वरून हातात द्यायची. वरून भाकरी सोडलेली मी आमच्या घरीही पाहिली होती. इथे ती माझ्या शेजारच्या शाल पांघरलेल्या व्यापाऱ्यालाही तशीच मिळत होती, त्याच्या पलीकडच्या हमालालाही आणि मलाही. दत्तू आईपुढे आला. तिला पाहून त्याचे ओठ हलले, आणि मग त्याची नजर खाली गेली.

आईने थाळी उचलून त्याच्यापुढे धरली. तो पोळी हातात घेऊन तसाच उभा. पंगत खोळंबली. मागचा वाढपी बादली घेऊन थांबला. थाळीवरून दत्तूची नजर काही केल्या हलेना.

"हात पुढं कर, आई," तो शेवटी म्हणाला. "हितं हातात घ्यायची असती."

आईने माझ्याकडे पाहिलं, शेजारच्या व्यापाऱ्याच्या ओंजळीकडे पाहिलं, आणि हात पुढे केले. त्याने पोळी दिली. अलगद, वाकून, वरून न टाकता. मग पुढच्याकडे गेला. आई त्या थाळीत डाळ घेऊन जेवली, पोटभर जेवली. रडत होती आणि जेवत होती. तिथे टाकायचं नसतं म्हणून मीही पुढ्यातलं संपवलं.

जेवण झाल्यावर उष्टी भांडी गोळा करणारे आले. आईला समजायच्या आत तिच्यापुढची थाळीही चवडीत गेली.

दुपारी दत्तू आमच्याजवळ अंगणात येऊन बसला. आईने त्याच्या दाढीवरून हात फिरवला, सुकलास म्हणाली, जे तिला सगळ्यांनाच म्हणायची सवय आहे. घर रिकामं आहे, कौलं गळतात, मी किती दिवसांची, चल, असं सगळं तिने मांडलं. तो मान खाली घालून ऐकत होता. मधेच तिला थाळी आठवली. आपली थाळी राहिली की रं तुमच्यात, म्हणाली, तेवढी आणून दे.

"नाव होतं का तिच्यावर?" त्याने विचारलं.

आईने नाही म्हणून मान हलवली.

"मग आता कुटली हुडकू? राहू दे हितंच."

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. आईने पुन्हा येण्याचं काढलं. तेव्हा त्याने विचारलं, परसदारचा तो खिळा हाय का अजून? हाय की, आई म्हणाली, कुटं जातोय. दत्तूने बराच वेळ पायाच्या अंगठ्याने फरशीवर रेघा ओढल्या.

"तो काढ," तो म्हणाला. "तुज्या हातानं काढ. काढलास की अक्का मला सांगंल. मी येतो."

आई लगेच व्हय म्हणाली. एवढंच ना, म्हणाली. तिचा चेहरा असा उजळला की मला तिचा राग राग करायचाही विसर पडला. जोडाघरातल्या सरदारजींनी चपला पुसून ठेवल्या होत्या. या वेळी तिने त्यांच्या हातातून घेतल्या. मी ते पाहिलं आणि म्हटलं, चला, यात्रा फळाला आली. मी तीस वर्षं मुलांना धडे शिकवते. पण अशी मूर्ख आशा माझ्या वर्गातलं एखादं पोरही धरणार नाही.

परतीच्या प्रवासात आईला एस.टी. लागली नाही. लातूरच्या स्टँडवर तिने चक्क बाहेरचा चहा प्यायला. गाडीत जो भेटेल त्याला घुमटांचं सोनं, गोदावरीचं पाणी, शिऱ्यातलं तूप, सगळं सांगत होती. माझा ल्योक तितं मोठा सेवादार हाय, म्हणत होती. वैरागला मी तिला एस.टी.तून उतरवून दिलं आणि खिळ्याची आठवण केली. ती म्हणाली, मी काई कुक्कुलं बाळ हाय का?

महिन्याभराने मला सवड झाली. वैरागला गेले. मला नांदेडला सांगावा धाडायचा होता. त्या ट्रकवाल्याला मी आधीच बोलून ठेवलं होतं. घरात शिरले ती सरळ परसदाराशी गेले.

खिळा होता. खिळ्याला थाळी होती. नवी कोरी, स्टीलची, चकचकीत. काठावर नाव कोरलं होतं, दत्तात्रय, आणि पुढे वडिलांचं नाव.

आई मागे येऊन उभी राहिली. तिला वाटलं मी कौतुकाने पाहते आहे. बार्शीहून आणली, म्हणाली, तांबटाकडून नाव घालून घेतलं, आता हरवायची न्हाय. मी विचारलं, खिळा काढायचा होता ना? ती म्हणाली, मातीची भित हाय, काढला तर पोपडा पडंल, आन् मग त्याची थाळी कुटं अडकवू? त्याची थाळी आतल्या मांडणीवर का नाही, मी विचारलं. ती माझ्याकडे अशी पाहू लागली, जशी मी अजून चड्डीतली पोर आहे.

"अगं, तो तितं कुनाकुनाच्या पंगतीत जेवतो. आत कशी चालंल? पर येऊ तर दे. त्याला मी काई कमी करनार न्हाय."

"आणि तू नाही जेवलीस त्या पंगतीत?"

"मी माज्या थाळीत जेवले," आई म्हणाली.

तिने चूल पेटवलेली होती, बस, गरम भाकरी वाढते म्हणाली. मी न जेवताच स्टँडवर आले. तिथे तो ट्रकवाला उभा होता. नांदेडला काय सांगू बाई, म्हणून त्याने विचारलं. काही सांगू नको म्हटलं.